हद्दीवरचा हिशोब : शेजारच्या नगरपालिकांनी मिळून जमिनीचं नियोजन कसं करावं

नोकरीच्या चौथ्या वर्षी मी पहिल्यांदा आमच्या नगरपालिकेचा आणि शेजारच्या नगरपालिकेचा विकास आराखडा एका टेबलावर कडेला कड लावून ठेवला. आमचा २४ मीटरचा रस्ता थेट हद्दीपर्यंत गेला होता. हद्दीपलीकडे त्याच्या तोंडाशी शाळेचं आरक्षण होतं, म्हणजे शाळेसाठी राखून ठेवलेली जमीन. त्यांचाही रस्ता होता, १२ मीटरचा, पण बराच बाजूला सरकलेला, आणि हद्द ओलांडली की तो आमच्याकडच्या ओढ्यात उतरत होता. दोन्ही आराखडे रीतसर मंजूर झालेले. दोन्हींवर हरकती-सूचना मागवून सुनावण्या झाल्या होत्या. फक्त कोणी कोणाचा नकाशा मागितला नव्हता.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी नगररचनाकार म्हणून बहुतेक काम हद्दीवरचंच केलं. आधी दोन, पुढे पाच नगरपालिकांना एकत्र बसवून कुठे घरं, कुठे कारखाने, कुठे कचरा, कुठे मोकळं रान हे ठरवण्याचं. हे काम हाती घेऊ पाहणाऱ्या नगरसेवकांसाठी, तरुण अधिकाऱ्यांसाठी आणि पाठपुरावा करणाऱ्या नागरिकांसाठी हे लिहिते आहे. माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे, ती आधीच सांगते: जो शेजारी सगळ्यांच्या भल्यासाठी आपली जमीन अडकवून घेतो, त्याला त्याबदल्यात काय आणि कधी मिळणार हे कागदावर आलं तरच संयुक्त नियोजन टिकतं.

आधी एक नकाशा, मग चर्चा

पहिल्या बैठकीला कोणाच्याही योजना मागू नका. नकाशे मागा आणि ते एकमेकांना जोडून घ्या. हे वाटतं तितकं सोपं नसतं. मोजमापाची प्रणाली वेगळी असते, प्रमाण वेगळं असतं, एकाचा नकाशा पंधरा वर्षं जुना असतो. त्याहून जास्त घोटाळा शब्दांचा. आमच्याकडे ‘हरित पट्टा’ म्हणजे बांधकाम नाही. शेजारी ‘हरित पट्टा’ म्हणजे मोठ्या भूखंडावर बंगला चालेल, मंगल कार्यालय चालेल. दोन्ही नकाशांवर रंग हिरवाच. आम्ही बसून दोन्हींच्या चोवीस प्रकारांचे नऊ सामायिक प्रकार केले आणि प्रत्येकापुढे एका वाक्यात लिहिलं की इथे काय बांधता येतं. या एका पानाने जितकी भांडणं मिटवली तितकी नंतरच्या कुठल्याही अहवालाने मिटवली नाहीत.

सगळा प्रदेश एकदम घेऊ नका. हद्दीच्या दोन्ही बाजूंनी एकेक किलोमीटरचा पट्टा घ्या, आणि त्याशिवाय हद्द ओलांडणाऱ्या प्रत्येक ओढ्याचं पूर्ण पाणलोट क्षेत्र घ्या. मग त्या पट्ट्यात चालत जा. दोन्हीकडचा एकेक कनिष्ठ अभियंता सोबत हवाच. आम्हाला चार शनिवार लागले. गटार कुठे उघड्यावर सुटतं, कोणाची जलवाहिनी कोणाच्या रस्त्याखालून जाते, राडारोडा कुठे टाकतात, पोरं शाळेसाठी हद्द कुठून ओलांडतात हे सगळं एकाच कागदावर टिपलं आणि संध्याकाळी दोघांनी त्याच कागदावर सह्या केल्या. पुढे वाद झाला की तो कागद काढायचा. आपल्याच माणसाची सही असलेली गोष्ट सहसा कोणी नाकारत नाही.

आकड्यांचंही तसंच. प्रत्येक नगरपालिका वीस वर्षांनंतरची लोकसंख्या आपापली काढते आणि ती थोडी फुगवूनच काढते, कारण मोठ्या आकड्यावर निधी मिळतो आणि जास्त जमीन रहिवासात घालता येते. पाच आराखड्यांतले आकडे मी बेरजेला घेतले, तेव्हा ती बेरीज सगळ्या प्रदेशाच्या अंदाजाच्या बरीच पुढे गेली. बाहेरून येणारी तीच माणसं पाचही जणांनी आपापल्या खात्यावर धरली होती. म्हणून आधी पूर्ण प्रदेशाची लोकसंख्या आणि रोजगार ठरवा, मग वाटणी करा. उलट्या क्रमाने गेलात तर बेरीज कधीच जुळत नाही आणि शेतजमीन मात्र पाच जणांच्या आशेपायी पाचपट वेगाने जाते.

कोणते विषय एकत्र घ्यायचे

सगळेच विषय एकत्र घेतले की काम बुडतं. मी एकच प्रश्न लावत असे: हा निर्णय चुकला तर भुर्दंड हद्दीपलीकडच्या माणसाला बसतो का? बसत असेल तर विषय संयुक्त. पाण्याचे स्रोत, ओढे आणि पूररेषा, मुख्य रस्ते आणि सार्वजनिक वाहतूक, कचऱ्याची जागा, मोठी औद्योगिक क्षेत्रं आणि मोठे मॉल, शेकड्यांनी घरं येणारे प्रकल्प, सलग राखायचं मोकळं रान. बाकी गल्लीतली उंची, बागा, बाजाराची वेळ हे ज्याचं त्याने बघावं. त्यात नाक खुपसलं की लहान नगरपालिकेला वाटतं, मोठी आपल्याला गिळायला आली.

संयुक्त चित्र किती साधं असावं याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण कोपनहेगनचं आहे. १९४७ साली स्टीन आयलर रासमुसेन आणि पीटर ब्रेड्सडॉर्फ या नगररचनाकारांच्या पुढाकाराने तिथे जी योजना मांडली गेली ती पंज्यासारखी आहे. तळवा म्हणजे जुनं शहर, पाच बोटं म्हणजे उपनगरी रेल्वेच्या कडेने वाढणारी वस्ती, आणि दोन बोटांच्या फटीत मोकळं हिरवं रान. अनेक नगरपालिकांवर पसरलेली ही योजना सुरुवातीला कायद्याने बंधनकारक नव्हती. तरी ती दशकानुदशकं टिकली, याचं कारण मला दोन गोष्टींत दिसतं. कोणालाही हाताचा पंजा पुढे करून ती समजावता येत होती, आणि बोटांमधून खरोखरच रेल्वे धावत होती. नुसती रेघ असती तर पुसली गेली असती. २००७ मध्ये तिला राष्ट्रीय पातळीवर बंधनकारक स्वरूप मिळालं. त्यातला एक नियम तर मी भिंतीवर लिहून ठेवला होता: १,५०० चौरस मीटरहून मोठी कार्यालयं स्थानकापासून ६०० मीटरच्या आत असावीत. हा नियम कोणत्याही नगरपालिकेचं नाव घेत नाही, आणि तरी रोजगार कुठे जाईल हे ठरवतो.

सुरुवात पाण्यापासून करा

पहिला संयुक्त करार घरांचा किंवा उद्योगांचा करू नका, त्यात लगेच पैसा आणि मतं आडवी येतात. पाण्याचा करा. पाणी कोणत्या बाजूला वाहतं यावर मतभेद नसतात.

आम्ही मांडलेला हिशोब इथे देते, तो कुठेही वापरता येईल. वरच्या नगरपालिकेत दहा हेक्टर मोकळी जमीन आहे. तासाला ६० मिलिमीटर पाऊस पडतो आहे. मोकळ्या जमिनीवर पडलेल्या पाण्यापैकी तीन दशांश वाहून जातं असं धरलं, तर खाली येणारा प्रवाह सेकंदाला अर्धा घनमीटर. तिथे घरं, रस्ते, फरशा आल्या आणि आठ दशांश पाणी वाहू लागलं की तोच पाऊस सेकंदाला सुमारे १.३ घनमीटर पाणी खाली पाठवतो, आणि ते पोहोचतंही लवकर. तासाभरात साधारण ३,००० घनमीटर जादा पाणी खालच्या नगरपालिकेच्या दारात. बांधकाम परवान्याचं शुल्क वरच्यांना, घरात शिरलेलं पाणी खालच्यांना.

आता तेच पाणी दीड मीटर खोल साठवण तळ्यात थांबवायचं तर जागा लागते २,००० चौरस मीटर, म्हणजे दहा हेक्टरांतले दोन टक्के. हा ढोबळ हिशोब आहे, उतार आणि माती पाहून अभियंता तो नेमका करेल. पण वरच्या नगरपालिकेच्या सभेत मी ‘तुमच्यामुळे खाली पूर येतो’ असं म्हटलं तेव्हा आरडाओरडा झाला होता, आणि पुढच्या सभेत ‘प्रत्येक मोठ्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) दोन टक्के जागा पाण्यासाठी सोडा’ असं म्हटलं तेव्हा अर्ध्या तासात ठराव झाला. बांधकामानंतरचा प्रवाह बांधकामाआधीपेक्षा वाढणार नाही, हे आमच्या करारातलं पहिलं कलम.

देणं-घेणं उघडपणे मांडा

आता मूळ मुद्दा. संयुक्त आराखड्यात कोणाच्या वाट्याला औद्योगिक क्षेत्र येतं आणि त्यासोबत कर येतो. कोणाच्या वाट्याला मोकळं रान, कचरा प्रक्रिया केंद्र किंवा पाणलोट येतं आणि त्यासोबत खर्च येतो. हे उघडपणे न बोलता ‘प्रादेशिक हित’ म्हणत राहिलात तर ज्याला तोटा आहे तो सही करतो आणि मग परवाने देत सुटतो. त्याला दोष देऊ नये. त्यालाही शाळा चालवायची आहे, दिवे लावायचे आहेत.

या प्रश्नावर मला सापडलेलं सर्वात विचारपूर्वक उत्तर अमेरिकेतल्या मिनियापोलिस–सेंट पॉल महानगराचं आहे. तिथे १९७१ च्या कायद्याने सात काउंट्यांमधल्या (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) नगरपालिकांचा व्यापारी आणि औद्योगिक मालमत्तांचा करपाया, म्हणजे ज्यावर कर आकारला जातो ते मालमत्तेचं मूल्य, अंशतः सामायिक केला. १९७१ नंतर अशा मालमत्तांच्या करपायात जी वाढ होईल तिचे ४० टक्के सामायिक खात्यात जातात, आणि त्या खात्यातून वाटणी लोकसंख्या आणि आर्थिक कुवत बघून होते. ज्याची दरडोई मालमत्ता सरासरीपेक्षा कमी त्याला जास्त वाटा. कायद्याला न्यायालयात आव्हान मिळालं, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये तो वैध ठरवला.

यातली खुबी ‘वाढ’ या शब्दात आहे. कोणाच्याही ताटातलं काढून घेतलेलं नाही. आज जे आहे ते ज्याचं त्याचं, उद्या जे येईल त्यातला भाग सगळ्यांचा. उरलेले ६० टक्के जिथे कारखाना येतो तिथेच राहतात, त्यामुळे त्रास सोसण्याचा मोबदलाही राहतो. तुमच्या कायद्यात करपाया वाटून घेण्याची सोय नसली तरी ही रचना लहान प्रमाणात उतरवता येते: एक आधारवर्ष ठरवा, त्यानंतर संयुक्त औद्योगिक क्षेत्रातून येणाऱ्या वाढीव उत्पन्नातला ठरलेला हिस्सा एका खात्यात घाला, आणि तो रान राखणाऱ्याला व कचरा सांभाळणाऱ्याला सूत्राने द्या. सूत्र आधी, रक्कम नंतर. आकडा डोळ्यांसमोर आला की मग कोणालाच सूत्र न्याय्य वाटत नाही. फ्रान्समध्ये १९९९ च्या कायद्याने शहरी समूहांमध्ये व्यवसायकर एकेका नगराऐवजी समूहाने घ्यायचा असं ठरलं, तेव्हा कारखाना आपल्याच हद्दीत ओढण्याची चढाओढ कमी व्हावी हाही एक हेतू होता.

पैशाऐवजी सोयही देता येते: पाण्याचा वाटा, बसचा मार्ग, दवाखाना. पण ती लिहून द्या. इथे माझी एक चूक सांगायला हवी, कारण ती अनेकांना महागात पडली. पाचांपैकी एका लहान नगरपालिकेने कचरा केंद्रासाठी जागा दिली. बदल्यात मोठ्या शेजाऱ्याने जलवाहिनी टाकून द्यायची होती. कराराचा मसुदा मी लिहिला होता. घाईत, सगळे खुशीत असताना, मी लिहिलं, ‘योग्य त्या मूलभूत सुविधा यथावकाश पुरवण्यात येतील.’ बैठकीत जलवाहिनीबद्दल तोंडी ठरलं होतं आणि सगळ्यांना ते माहीत होतं. पुढच्या निवडणुकीत दोन्हीकडची माणसं बदलली. नव्यांनी कागद वाचला आणि त्यात जलवाहिनी सापडली नाही. वर्षभर पत्रव्यवहार झाला, मग एका सकाळी लहान नगरपालिकेतल्या बायका रस्त्यावर बसल्या आणि कचऱ्याच्या गाड्या परत फिरल्या. त्या बायकांची बाजू बरोबर होती. त्या घाणीचा वास घेत होत्या आणि पाणी टँकरचं पीत होत्या. मसुद्यातलं माझं ते वाक्य मी आजही विसरलेले नाही.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक मसुद्यात देण्याघेण्याच्या कलमात पाच गोष्टी असत: काय द्यायचं, किती, कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या अंदाजपत्रकीय शीर्षकातून, आणि दिलं नाही तर दुसऱ्या बाजूचं कोणतं बंधन त्या दिवसापासून गळून पडतं. शेवटची गोष्ट लिहायला सगळे कचरतात. तीच सर्वात उपयोगी आहे.

करार कधी आणि कशात लिहायचा

शेजाऱ्याकडे उशिरा जाऊ नका. इंग्लंडमध्ये २०११ च्या लोकॅलिझम कायद्याने नियोजन संस्थांवर एकमेकांशी सहकार्य करण्याचं कर्तव्य घातलं. एकमत व्हायलाच हवं असं बंधन नव्हतं, पण प्रयत्न वेळेवर आणि मनापासून केल्याचं दाखवावं लागे. सेव्हनओक्स या तिथल्या स्थानिक परिषदेला आपल्या हद्दीत सगळी गरजेची घरं बसवता येत नव्हती. शेजाऱ्यांना तिने अधिकृतपणे विचारलं ते योजना सादर करण्याच्या अगदी तोंडावर. योजना तपासणाऱ्या अधिकाऱ्याने हे कर्तव्य पाळलं गेलं नाही असा निष्कर्ष काढला, आणि ही चूक योजना सादर झाल्यावर दुरुस्तही करता येत नव्हती. परिषद न्यायालयात गेली आणि २०२० मध्ये तिथेही हरली. कित्येक वर्षांचं काम वाया. प्रारूप आराखडा छापून झाल्यावर शेजाऱ्याला पाठवलेलं पत्र हे कळवणं असतं, विचारणं नसतं.

तिथलीच एक चांगली पद्धत मात्र जरूर उचला. शेजारी संस्था मिळून एक टिपण ठेवतात, त्यात कोणत्या मुद्द्यावर एकमत आहे, कोणत्यावर नाही आणि पुढे कोण काय करणार हे लिहिलेलं असतं. मतभेदाचा रकाना मोकळा ठेवायला मी कधीच परवानगी दिली नाही. तो मोकळा असला म्हणजे कोणीतरी बोलायचं राहून गेलं आहे असं समजा. दर बैठकीला तेच टिपण पुढे न्यायचं, नवीन इतिवृत्तांची चळत करायची नाही.

कायदेशीर साचा कोणता हे देशादेशांत बदलतं. जर्मनीच्या रूऱ खोऱ्यात १९२० पासून प्रादेशिक संघ आहे, आणि बोखुम, एसेन यांच्यासह सहा शहरांचा मिळून एकच भू-वापर आराखडा २०१० मध्ये लागू झाला. अमेरिकेतल्या पोर्टलंड महानगरात थेट निवडून आलेली प्रादेशिक संस्था शहरवाढीची सीमा आखते आणि वीस वर्षांना पुरेल इतकी जमीन सीमेत आहे का हे दर सहा वर्षांनी तपासते. भारतात ७४ व्या घटनादुरुस्तीने कलम २४३झेडई आणलं. दहा लाखांवर लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रासाठी नियोजन समिती, आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य आणि पंचायतींचे अध्यक्ष यांच्यातून, त्यांनीच निवडलेले. साचा तयार असेल तर तो वापरा. नसेल तर नव्या प्राधिकरणासाठी दहा वर्षं वाट बघू नका, दोन सर्वसाधारण सभांचे एकाच मजकुराचे दोन ठराव घेऊनही बरंच काम होतं. मजकूर शब्दशः एक असावा, एवढं बघा. आमच्या एका ठरावात एकीकडे ‘करण्यात येईल’ आणि दुसरीकडे ‘करता येईल’ आलं होतं, आणि त्यात तीन वर्षं गेली.

मतदानाचा प्रश्न येतोच. लोकसंख्येनुसार मतं ठेवली तर लहान बुडतात, प्रत्येकी एक ठेवलं तर मोठी नगरपालिका येतच नाही. आम्ही असं ठरवलं होतं: निर्णय दोन तृतीयांशाने, पण ज्याच्या हद्दीतली जमीन अडकते त्याची संमती वेगळी. याने काम मंदावतं. तरी मी पुन्हा हेच निवडेन.

आणि नगरसेवकांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. सुरुवातीची दोन वर्षं आम्ही अधिकारीच भेटत होतो, आमचं छान जमत होतं, आणि सभेत गेल्यावर सगळं पाच मिनिटांत फेटाळलं गेलं. हद्दीवरच्या प्रभागांतले दोन्हीकडचे नगरसेवक एकत्र त्या चालण्यात असते तर तसं झालं नसतं. नंतर आम्ही त्यांना नेलं. एका नगरसेविकेने पलीकडच्या वस्तीत जाऊन पहिल्यांदा आपल्याच गटाराचं तोंड पाहिलं, आणि पुढे त्या विषयावर सभेत मला बोलावंच लागलं नाही.

हरकती-सूचनांच्या वेळी पलीकडच्या रहिवाशांच्या हरकतीही दाखल करून घ्या, आणि हद्दीवरच्या पट्ट्यापुरती सुनावणी दोन्ही समित्यांनी एकत्र घ्यावी. शिवाय आराखड्यांची वर्षं जुळत नसतात. एकाचा आज मंजूर होतो, दुसऱ्याचा आठ वर्षांनी. म्हणून करारात हे घाला: हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत कोणीही जमिनीचा वापर बदलणार असेल, आरक्षण उठवणार असेल किंवा रस्ता हलवणार असेल, तर प्रस्ताव सभेपुढे जाण्याच्या साठ दिवस आधी शेजाऱ्याला लेखी कळवायचं, आणि शेजाऱ्याचं उत्तर प्रस्तावाला जोडल्याशिवाय विषय पटलावर घ्यायचा नाही.

याच कलमाखाली आमचा तो रस्ता सुटला. पहिल्या बैठकीपासून अकरा वर्षं लागली. दोन्हीकडून १८ मीटर धरला, ओढ्यावर एक पूल घेतला, त्याचा खर्च रस्त्याच्या लांबीच्या प्रमाणात वाटला. शाळेचं आरक्षण थोडं उत्तरेला सरकलं आणि तिचं फाटक हद्दीच्या दिशेने केलं, त्यामुळे आमच्या बाजूची मुलंही आता तिथेच जातात. ओढ्याच्या काठची पूररेषा मात्र दोन्ही नकाशांवर अजून वेगवेगळी आहे. तो विषय मी निवृत्त झाले तेव्हा टिपणाच्या मतभेदाच्या रकान्यात पहिल्या क्रमांकावर होता, आणि पुढच्या मोजणीची तारीख त्याच्यासमोर लिहिलेली होती.